चिमूटभर मीठ

मंगळवार, संध्याकाळ

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून बाबांना नाकातल्या नळीतून मीच पेज देतेय. आज मीरा रोड स्टेशनला रिक्षाच मिळेना. घाईत मीठ घालायचं राहिलं.

बाबांनी रोजच्यासारखी बोटांची चिमूट करून विचारलं, मीठ?

"घातलंय हो बाबा."

खोटं का बोलले मी? नळीतून चव कुठे कळते, तरी रोज विचारतात. पूर्वी मीठ कमी पडलं की ताट भिरकावायचे. आई गुपचूप फरशी पुसायची. तेव्हाचा राग अजून गेलेला नाही माझा.

भांडं धुण्याआधी उरलेली पेज चाटून बघितली. अगदीच अळणी. वळले तर बाबा माझ्याकडेच बघत होते. कळलंच असणार.

पोटावरून हात फिरवत त्यांनी मान डोलावली. छान झालीये.