पेटीच्या जागी

२ सप्टेंबर २००६, शनिवार

आरोही गणपतीच्या सुट्टीला कणकवलीहून आलीय. कॉलेजातल्या निकेतकडून एक सीडी आणली, कॉम्प्युटरमध्ये घातली आणि मला ओढत नेऊन समोर बसवलं. "आई, तू गा. साथीला अख्खा वाद्यवृंद!"

पडद्यावर नुसते चौकोन. त्यांत ती कॉर्ड लिहिते — सी, एफ, जी असं काहीतरी. मग ताल निवडायचा, बटण दाबायचं. पियानो, गिटार, तबला, सगळं आपोआप सुरू! माणूस एकही नाही.

हसले. मग भात बघायचं निमित्त करून उठले.

३ सप्टेंबर

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. बालवाडीतल्या पोरांची गाणी सोडली तर तेव्हापासून मी गायलेच नाही. मी रचलेली गाणी, ह्यांची पेटी, ह्यांचे दोस्त धोंडू भावजी यांचा तबला — वायरी गावापासून देवबागपर्यंत एक बारसं, एक सत्यनारायण आम्ही सोडला नाही! हे दिवसभर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. साबणाने कितीही हात घासले तरी पेटीच्या पट्ट्यांना डिझेलचा वास. मासळीवाली हौसाबाई पदराने नाक दाबून विचारायची, "गुरुदासा, तुझी पेटी सूर सोडता की धूर रे?" ह्यांचं हसणं सगळ्यांच्या वर.

पेटी माळ्यावर आहे. काढवत नाही.

१० सप्टेंबर

सुट्टी संपली, तरी आता दर शनिवार-रविवारी यायचं आरोहीने ठरवलंय. आमच्या जुन्या कॅसेटवरून तिने माझ्या होडीच्या गाण्याच्या कॉर्ड शोधून काढल्या. तास न् तास ऐकत बसली होती. बापाची पेटी ऐकायची, ते मला कळत होतं.

गायले. पण यंत्र थांबत नाही! दुसऱ्या अंतऱ्याला माझा श्वास संपतो, कायमचाच. तिथे हे भाता आवरून माझ्याकडे बघायचे. मी मान हलवली की पुढे. कधी मुद्दाम उशीर करायचे, मी डोळे वटारेपर्यंत.

"थांब रे जरा!" मी कॉम्प्युटरला म्हटलं. आरोही हसायला लागली, मग मधेच तिने गाणं बंद केलं.

१७ सप्टेंबर

महिला मंडळाची संजना आली. कोजागिरीला शाळेच्या पटांगणात कार्यक्रम, मी गायलाच हवं म्हणते. मी नाही म्हणायच्या आत आरोहीने हो म्हणून टाकलं! शिवाय बंदरावर जाऊन धोंडू भावजींना बोलावूनही आणलं.

ह्यांच्या तेराव्यानंतर त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. समुद्र, बंदर आणि म्हातारी आई काशीबाई, एवढंच त्यांचं जग. लग्न केलं नाही. मधे एकदा बाजारात म्हणाले होते, "तो नाय त्या घरात माझ्यान येवक होणा नाय, वैनी."

आज ओसरीवरच बसले. आत मी यंत्राबरोबर गायले, ते पुरतं ऐकलं.

"तबलो कोण वाजवता?"

"कोणी नाही काका, कॉम्प्युटर."

"मगे तेका गप ऱ्हवाक सांग. तबलो माझो."

आरोहीने यंत्राचा तबला बंद केला. भावजी आत आले.

२४ सप्टेंबर

भांडण! भावजी आणि यंत्र. "ह्येका कान नाय काय?" त्यात वीज गेली, तासभर सगळे वारा घालत बसलो. वीज आली तशी भावजी पडद्यापाशी गेले. दुसरा अंतरा. "हंयसर गुरुदास थांबायचो. ह्येका सांग."

आरोही बराच वेळ शोधत राहिली. मग त्या एका चौकोनात तिने काहीतरी लिहिलं. परत लावलं. तिथे आल्यावर सगळी वाद्यं गप्प!

भावजी उगाचच पंच्याने तबला पुसत राहिले.

५ ऑक्टोबर

घसा बसलाय. ज्येष्ठमध चघळतेय. मोरपिशी साडी काढून ठेवली — ह्यांना आवडायची ती.

७ ऑक्टोबर

काल कोजागिरी. पटांगण भरलेलं. पहिला अंतरा छान गेला. दुसऱ्याला ती थांबायची जागा आली आणि मी सवयीने डावीकडे बघितलं. पेटीच्या जागी टेबल, त्यावर पडदा.

पुढची ओळ निघेना. यंत्र आपलं सुरू झालं, पुढे गेलं. मी तशीच उभी. आरोहीने घाबरून बटण दाबलं. शांतता! मला वाटलं, आता पाय उचलावे आणि घरी जावं.

भावजींनी माइक ओढला. "वैनीचो गळो भरून इलो. जरा रवा. आमका घाय नाय."

आणि लोक थांबले, खरोखरच! हौसाबाईने पाणी आणून दिलं. भावजी हळू ठेका धरून बसले, माझ्याकडे न बघता. मी मान हलवली. आरोहीने पहिल्यापासून लावलं. ह्या वेळी शेवटपर्यंत गायले.

आज अंग दुखतंय. पण सकाळपासून गुणगुणतेय.

२२ ऑक्टोबर

रविवार म्हणजे भावजी. येताना सुंगटं, ताजी कोळंबी, आणतात आणि मी सकाळपासून वाट बघते. आज नवं गाणं रचून झालं — तीन वर्षांत पहिलं. बरं झालंय का, माहीत नाही. झालंय एवढं खरं.

५ नोव्हेंबर

जेवताना धोंडू भावजी एकदम आरोहीला म्हणाले, "तुझ्या आवशीक लगीन करूया म्हणान इचारतंय. तुका चलात काय?" मान खाली, कान लाल.

"माका इचारू नका, आयेक इचारा," आरोही त्यांच्याच बोलीत म्हणाली.

मी हो म्हटलं.