मावशीच्या स्वयंपाकघराची भिंत

शिकागो, दक्षिण भाग
ऑक्टोबर १९५१

तीर्थरूप लुवेनियामावशीस,

क्लोव्हिसचा गुडघे टेकून नमस्कार. (शोभेसाठी म्हणत नाही, खरोखर टेकलेत. टेबल आमच्या घरमालकीण बीझलीबाईंनी उचलून नेलं, म्हणून खाटेवर कागद ठेवून लिहितो आहे. का नेलं ते पुढे येईल.) तुझी कंबर कशी आहे? कोंबड्या अंडी देतात की नुसत्याच खातात? मिसिसिपीत यंदा कापूस बरा आहे असं ऐकलं. तुमचे पाद्रीबुवा वाया गेलेल्या पोरांचा दाखला म्हणून अजून प्रवचनात माझं नाव घेतात का? घेत असतील तर आडनावासकट घ्यायला सांग. इथे ब्लूज गाणारा आणखी एक क्लोव्हिस आहे, आणि माझ्या वाट्याची बदनामी त्याला फुकट मिळायला नको.

तर मावशी, बातमी अशी की एका रेकॉर्डवाल्याने मला बोलावलं आहे. कसं, ते ऐक. दर रविवारी बाजारात मी विजेची गिटार घेऊन उभा राहतो. गिटारची वायर बीझलीबाईंच्या खिडकीतून आत जाते आणि त्याबद्दल मी त्यांचा कोळसा वर आणून देतो, असा आमचा करार. पण बाईंचं चर्च आणि माझा बाजार एकाच सकाळी. गेल्या पंधरवड्यात मी गाण्याच्या ऐन भरात डोळे मिटून तान घेतो आहे, माणसं डोलताहेत, तोच गिटार गप्प. बघतो तर काय, बाईंनी माझी वायर उपटून इस्त्रीची लावलेली. मी खालून ओरडलो, "अहो बाई, गाणं अर्धं राहिलं!" त्या वरून म्हणाल्या, "माझी बाहीसुद्धा अर्धी राहिली आहे!" (बायबल वाचणाऱ्या बाईशी वाद घालू नये, हे मी तुझ्याच घरी शिकलो.) लोक मासेवाल्याच्या गाडीकडे वळायला लागले. मग माझं डोकं फिरलं. बाईंचा दारातला झाडू घेतला, त्याच्या काड्या बांधलेली तार सोडवली, त्यांच्याच दाराच्या चौकटीला दोन खिळे ठोकून ताणली, खाली बाटली सरकवली, आणि चाकूचं पातं फिरवत सुरू केलं, लहानपणी करायचो तसं. माणसं मासे हातात घेऊन परत आली. टेबल गेलं ते या झाडूपायी.

गर्दीत हॅलोरन म्हणून एक गृहस्थ होते. फर्निचरच्या दुकानामागच्या खोलीत ते रेकॉर्ड काढतात. म्हणाले, गिटारवाले या गावात कबुतरांपेक्षा जास्त आहेत, पण हे एकतारी काय आहे ते मला पाहिजे. महिनाअखेरच्या शनिवारी ये. मात्र आवाज पातळ आहे, जाड करून आण. नाही जमलं तर तो दिवस एका अकॉर्डियनवाल्याला देईन. अकॉर्डियनवाल्याला, मावशी!

तेव्हापासून माझ्या नाकी नऊ आलेत. आधी खोलीच्या भिंतीवर तार ताणली. दुसऱ्या सुराला गिलावा निखळला आणि बीझलीबाईंच्या कैलासवासी यजमानांच्या फोटोवर पडला. (यजमान फोटोत आधीच वैतागलेले होते.) हॅलोरनसाहेबांकडची भिंत विटांची, तिच्यातून आवाज म्हणून निघेना. मग आपल्या गावचा अर्डेल आठवला. तोच तो, झाडावरून पडून दात पाडून घेतलेला. तो इथे शवपेट्या बनवणाऱ्याकडे सुतार आहे. त्याने जेवणाच्या सुट्टीत एका पेटीच्या झाकणावर मला तार लावू दिली. आवाज काय निघाला म्हणून सांगू, गुबगुबीत! पण त्याच वेळी एक कुटुंब आजोबांसाठी पेटी बघायला आलं. त्यांतली म्हातारी झाकणातून आलेला सूर ऐकून म्हणाली, "आमच्या ह्यांना शांततेत जायचंय," आणि सगळे समोरच्या दुकानात गेले. अर्डेलला त्या दिवसापासून रजा आहे. किती दिवस, ते मालकाने सांगितलेलं नाही.

तू म्हणशील, सोड ना बाबा, कसाईखान्यातली नोकरी काय वाईट आहे? वाईट नाही. पण मावशी, मी चाळिशीला टेकलो. दिवसभर डुकराची आतडी धुतो आणि धुता धुता गातो, आणि डुकरं काही बोलत नाहीत. मेल्यावर माझा आवाज कुठेतरी तबकडीवर फिरत राहावा एवढंच मला हवं आहे. त्या अकॉर्डियनवाल्याला मी तो शनिवार देणार नाही. शिकागोतली प्रत्येक भिंत ठोकून बघावी लागली तरी बघेन. ही दगडावरची रेघ समज.

बाकी सगळं ठीक. थंडी पडायला लागली आहे, तू पाठवलेली गोधडी पांघरतो. सगळ्यांना नमस्कार, कोंबड्यांना आशीर्वाद.

तुझा,
क्लोव्हिस

ता. क. एक छोटंसं काम होतं. तुझ्या स्वयंपाकघरात चुलीमागची भिंत आहे ना, तिच्या बाहेरच्या अंगाला माझे दोन खिळे अजून असतील. तेवढी एक फळी पाठव. इतक्या वर्षांचा धूर आणि डुकराची चरबी प्यालेलं तसलं लाकूड इथे पैसे देऊन मिळत नाही. भोकावर सध्या एखादं कॅलेंडर लाव. तुमच्याकडे थंडी ती केवढी!

ता. क. २. हे पत्र घेऊन अर्डेल येतो आहे. तो आईला भेटायला आला आहे असं सांगेल, पण त्याच्या पिशवीत करवत आहे. आधी त्याला मक्याची भाकरी आणि पालेभाजी पोटभर वाढ. उपाशी असला की वाकडं कापतो.

ता. क. ३. हे स्टेशनवर लिहितो आहे, अर्डेल घाई करतोय. मावशी, भिंत कापू देऊ नकोस! आज हॅलोरनसाहेबांना पुन्हा वाजवून दाखवलं. ते म्हणाले, "लाकडाचं बघू रे, पण तू दर ओळीनंतर थांबतोस का? तिथे गाण्याला भोक पडतं." मी म्हणालो, मी कुठे थांबतो? आणि पुन्हा वाजवलं तर खरंच थांबलो. रस्ताभर विचार केला, तेव्हा कळलं. मी बाहेरून तार छेडायचो आणि तू आतून लाकडी डाव भिंतीवर आपटायचीस, "बंद कर ते सैतानाचं!" म्हणून. तुझे दोन ठोके पडेपर्यंत मी थांबायचो आणि पुढची ओळ घ्यायचो. तसाच शिकलो, मावशी. आजही तुझ्या ठोक्यांची वाट बघतो. दुसऱ्या कुणाचे चालणार नाहीत, साहेबांनी आज तिथल्या तिथे तीन ढोलवाले बसवून पाहिले.

फळीच्या हमालीचे पैसे होते, त्यांतून तुझं तिकीट काढलं. ते अर्डेलच्या टोपीत आहे. रेकॉर्डच्या खोलीत दारू नाही, नाच नाही. अर्डेल तुझ्या-माझ्यामध्ये फळ्या उभ्या करेल. तुला माझं तोंडसुद्धा बघावं लागणार नाही. फक्त ये, आणि डाव घेऊन ये. आणि हो, रागानेच ठोक. मायेने ठोकलंस तर सगळ्या गाण्याची वाट लागेल.