आईच्या खोलीतला अंधार

सक्करदरा, नागपूर
६ एप्रिल

प्रिय कामिनीस,
अ. उ. आ.

आई सुखरूप पोचल्याचं रुपरावजींनी कळवलं. हे पत्र मी मुद्दाम लिहिते आहे. फोन केला की तू स्पीकर लावतेस, आई शेजारी बसून ऐकते आणि मला जे बोलायचं असते ते पोटातच राहून जाते.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन मी केलं. म्हणजे केलं डॉक्टरनं, पण धावपळ सगळी माझी. नंबर लावणं, वेळेवर थेंब टाकणं, पथ्यपाणी, रात्री उठून पाहणं. दुसरा डोळा मे महिन्यात व्हायचा, तर मधले दिवस आई इथेच राहील असं मी धरून चालले होते. पण आठवडा होत नाही तर तिचं टुमणं सुरू झालं, की मला कुहीला पोचवून दे. कारण विचारलं तर म्हणाली की कामीच्या खोलीत दुपारी कसा थंडगार अंधार असते, तिथे डोळ्याला बरं वाटते. माझ्या घरात एसी आहे कामे! एसी! आणि तिला तुझ्या खोलीतला अंधार पाहिजे. मला किती लागलं ते सांगत नाही, सांगितलं तर तू हसशील.

आता खोली माझी पश्चिमेची आहे हे खरं. तिसरा मजला, समोर आडोसा नाही, दुपार कलली की ऊन सरळ पलंगावर येऊन बसते. पण ऊन अडवता येते. तेव्हा तुझ्या त्या खिडकीत एवढं आहे तरी काय, कशाची केली, कोणी केली, ते सगळं लिही. दुसऱ्या ऑपरेशननंतर आई माझ्याकडेच राहणार, निदान पावसाळा लागेपर्यंत. मी ठरवून टाकलं आहे. बाबा गेल्यापासून प्रत्येक उन्हाळा तूच घेतलास. आपल्याला भाऊ नाही, आईला दोघीच आहोत, तर वाटा सारखा हवा की नको?

रुपरावजींना नमस्कार. माझ्यावर लोभ आहेच, आईवरचा थोडा कमी केलास तरी चालेल.

तुझी,
दामिनीताई


कुही
१३ एप्रिल

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. आधी हसली, मग राग आला. आईनं काय आहे म्हणून विचारलं तर गॅसवाल्याचं हाय म्हणून सांगून देलं.

तू म्हणते आई तिथं माझी तारीफ करते. इथं येऊन पाय ना वं! सकाळी उठल्यापासून तुझाच पाढा सुरू. दामीनं हात धरून लिफ्टमधून कशी उतरवली, दामीच्या घरी फरशी कशी चकचक करते, दामी चहात आलं कसं किसून टाकते. मी समोर बसून भाकरी थापून राहिली आणि ती मले सांगते, की दामीच्या पोळ्या किती पातळ असतात. माझी भाकरी हातात घेऊन! जो घरी येईल त्याले डोळा दाखवते, माझ्या मोठीनं करून देला म्हणते. बाया मले म्हणतात, तुझी बहीण मोठी गुणाची हाय. मी हो म्हणते आणि भांडी जरा जोरानं घासते.

खिडकीत काही जादू नाही. माझ्या सासऱ्याच्या वेळी चंपतराव सुतारानं केलेल्या सागाच्या झडपा हायेत. त्यात आडव्या तिरप्या पट्ट्या आणि मधात एक उभी काठी. काठी वर सारली की पट्ट्या मिटतात, खाली ओढली की उघडतात. बाहेर निंबाचं झाड. बस, एवढंच. एक मात्र हाय. मी दुपारी सगळ्या पट्ट्या मिटवून बाहेर आली, की आई उठून काठी जराशी खाली ओढते. भिंतीवर उजेडाची बारीक रेघ पडेल इतकीच. मी पुन्हा मिटवली तर पुन्हा उघडते. काहून म्हणून विचारलं तर म्हणते असू दे. आता मी पण तिच्या नादी लागत नाही.

आणि वाट्याचं काढलं तर ऐक. उन्हाळा माझा, पण दवाखाना तुझा, दिवाळी तुझी, लग्नाकार्यात आईच्या बाजूची खुर्ची तुझी. लोकाले दिसते ते सारं तुझं. मले भेटते ते दुपारचं चटईवर पडून गोष्टी करणं. तेवढंही तुले सलते काय?

भाऊजींना नमस्कार. या पत्राचा राग आला तर सगळा एकदम काढू नको, भेटीसाठी थोडा ठेवजो.

तुझी,
कामी


सक्करदरा, नागपूर
२७ एप्रिल

प्रिय कामिनीस,
अ. उ. आ.

तुझी काठीवाली खिडकी तुला लखलाभ. माझं काम झालं.

आधी शेजारच्या उत्तरावहिनींना घेऊन गांधीबागेत गेले. डोक्याला दुपट्टा गुंडाळून भर उन्हात दुकानं पालथी घातली. जाड कापड घेतलं, आतून काळं अस्तर लावून पडदे शिवले. हौसेनं टांगले, तर दुपारी दोन्ही बाजूंनी उन्हाच्या दोन पट्ट्या आत. मग बांबूची चिक आणली. ती वाऱ्यानं अशी आपटत राहिली की खालच्या मजल्यावरचे लोक विचारायला आले.

शेवटी बाहेरून बसवायचं शटर पाहिलं. दुकानाच्या शटरसारखं नव्हे गं, नाजूक असते. अॅल्युमिनियमच्या अरुंद पट्ट्या, आत फोम भरलेला, दोन्ही बाजूंना खाच. आतून पट्टा सोडला की सरसर खाली येते, ओढला की वर गुंडाळते. दुकानदार म्हणाला की पट्ट्यांच्या मधात बारीक भोकं असलेलं घ्या, थोडा उजेड झिरपतो, बरं वाटते. मी त्याला सांगितलं की झिरपणारा उजेड माझ्या बहिणीकडेही आहे, मला बिनभोकाचं द्या. तुकडा डोळ्यांवर धरून दुकानाच्या मधोमध उभी राहून पाहिलं. तुझे भाऊजी लाजून बाहेर जाऊन उभे राहिले. घरी आल्यावर म्हणाले की तुला आईला झोपवायचं आहे की एक्सरे काढायचा आहे? म्हणू देत. हॉलच्या खिडकीलाही तेच बसवून घेतलं.

काल दुपारी खाली सोडून पाहिलं. कामे, स्वतःचा हात दिसत नाही! येऊन पाहा म्हणजे कळेल अंधार कशाला म्हणतात. ऑपरेशनची तारीख मेच्या मध्यावर मिळाली आहे, त्याआधी आईला पाठव. आणि या वेळी परतीचं विचारू नकोस.

लोभ वाढव, आणि जळू नकोस. जळलीस तर निदान कळव, मला बरं वाटेल.

तुझी,
दामिनीताई


कुही
१२ मे

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

जळली. कळवलं. झालं समाधान?

आई यांच्यासोबत उद्या सकाळच्या गाडीनं येऊन राहिली. पत्र तिच्याच पिशवीत ठेवून राहिली, चिटकवून. वाळा देला हाय, माठात टाकजो. कैऱ्या आपल्या झाडाच्या हायेत. पन्हं तिले गुळाचंच लागते, साखरेचं पीत नाही, हे तुले माहीत असेल तरी लिहून राहिली.

मोठी खुशीत हाय. दामीनं माझ्यासाठी अख्खी खिडकी बदलली म्हणून साऱ्या गल्लीले सांगून झालं. मी इतके उन्हाळे तिच्या पायाले तेल चोळलं, ते गल्लीत कोणाले सांगितलं नाही. एसीत तिचे गुडघे धरतात, पायावर चादर टाकत जाजो. माझ्यावानी थंडी-गरमी तुले समजणार नाही, पण शिक.

ती गेली की मी दुपारी काय करीन ते मले माहीत नाही. माझ्याबद्दल काही बोलली तर लिहिजो. काही नाही बोलली तर ते पण लिहिजो.

तुझ्यावर लोभ हाय, आज थोडा कमी हाय.

तुझी,
कामी


सक्करदरा, नागपूर
२१ मे

प्रिय कामे,
अ. उ. आ.

ऑपरेशन चांगलं झालं, पट्टी निघाली, आईले दोन्ही डोळ्यांनी दिसते, हे सारं तुले फोनवर सांगितलंच. जे फोनवर सांगता आलं नाही ते आता लिहून राहिली. वाचून झाल्यावर मले शिव्या दे, पण पूर्ण वाच.

पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपारी जेवण झालं, आईनं काळा चष्मा काढून उशाशी ठेवला, मी शटर पार खाली सोडलं, पायावर चादर टाकली आणि दार लोटून हॉलमध्ये सोफ्यावर पडली. तिथलंही शटर खालीच होतं. जराशानं लाईट गेली. एसीचा आवाज थांबला, त्याचा तो बारीकसा दिवा विझला. त्या आवाजाच्या थांबण्यानंच मी जागी झाली. भर दुपारी घरात गच्च काळोख. आणि आतून आईची हाक आली. कामे, ए कामे.

माझ्या घरात, माझ्या पलंगावर, मी हौसेनं करवलेल्या अंधारात, आणि हाक तुझी! मी चाचपत दारापर्यंत गेली आणि उभी राहिली. ओ देली नाही. वाटलं, आता तरी माझं नाव घेईल. तिनं पुन्हा तुलेच हाक मारली. तिचा आवाज कापून राहिला होता हे मले समजत होतं, तरी मी उभीच. इतकी माझी छाती जळत होती. मग म्हटलं, तुले कामीच पाहिजे ना, घे कामी. आणि तुझ्यावानी काय वं आई म्हणून मी तिच्या पलंगावर जाऊन बसली. आपला आवाज सारखा, बाबाही फसत होते.

तिनं माझा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. म्हणाली की कामे, बरं झालं तू आली, डोळे उघडे हायेत आणि मले काहीच दिसत नाही, दोन्ही गेले वं. मी बोलायला गेली तर तिनं हळू बोल म्हणून माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली की दामीले समजू देऊ नको. तिनं माझ्या डोळ्यांपायी किती केलं, तिले हे सोसणार नाही, माझी दामी मोडून जाईल. मले कुहीची आठवण येते असं तिले सांग आणि तुझ्याकडे घेऊन चल. निघेपर्यंत मी तिच्यासमोर दिसते असंच वागीन.

कामे, मी पट्टा कसा ओढला ते मले ठाऊक नाही. शटर वर गेलं, ऊन आत आलं. आईनं डोळ्यांवर हात धरला, मग बोटांच्या फटीतून आधी खिडकी पाहिली आणि मग मले. मी रडत होती. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली की शटर मोठं मजबूत हाय.

संध्याकाळी मी तिले कुहीच्या काठीचं विचारलं. म्हणाली की पहिल्या ऑपरेशनपासून दुपारी जाग आली की आधी भिंतीवरची रेघ पाहते. रेघ दिसली की डोळा शाबूत आहे म्हणून पुन्हा झोपते. तू मले हे लिहिलं होतं आणि मी बिनभोकाचं शटर घेतलं. आता रोज दुपारी वीतभर वर ठेवते. तुझ्याबद्दल ती काय बोलते ते तू विचारलं होतं. हे बोलली.

रुपरावजींना नमस्कार. लोभ मागायचं तोंड मले राहिलं नाही, तरी मागून राहिली.

तुझी,
ताई


कुही
२६ मे

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी न्हाणीघरात जाऊन वाचलं. यांनी दार वाजवलं तेव्हा बाहेर आली.

शिव्या देणार होती. माय अंधारात हाका मारून राहिली आणि तू दारात उभी! पण शिव्या सुचल्या नाहीत, कारण मले दुसरंच लागलं. रडायचं असलं की आईले मी पाहिजे आणि जपायची तू. डोळे गेले हे कामीले सांगायचं, कामीले सोसते, अन् दामी मोडून जाईल! मी काय लोखंडाची हाय? माझं कधी काही मोडत नाही काय? माझ्या घरी ती रेघ पाहून झोपते, तिथं मले ही गोष्ट तिनं उभ्या जन्मात सांगितली नसती. तू माझं नाव लावून बसली म्हणून तुले ऐकायले भेटली. मी तुझ्यावर जळते ते उगाच नाही.

मी रविवारी येऊन राहिली. भाकरीचं पीठ घेऊन येते, तुझ्या पातळ पोळ्या माझ्या पोटाले पुरत नाहीत. शटर तू म्हणते तसं वीतभर वरच ठेवजो, त्यात कमी-जास्त करू नको. दुपारी मी आईच्याच खोलीत झोपीन, तू हॉलमध्ये झोपजो.

अन् झोपेत घाबरून तिनं कधी तुले हाक मारली, तर धावत येऊ नको ताई. ओ मी देईन. दामीजवळ ती कामीबद्दल काय बोलते, ते मले एकदा ऐकू दे.

तेवढा लोभ कर.

तुझी,
कामी