कानबाईचा उपास आणि आबांची गाडी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

गाडी कपाशीत! आबा सुखरूप आहेत. पुढचा दिवा फुटला, बाकी काही नाही. कोकिळाआत्याला कानबाईच्या सणासाठी एरंडोलहून आणायला निघाले होते, गावाच्या वळणावरच डोळ्यांसमोर अंधारी आली. सगळ्यांना सांगितलं, "ढोर आडवं आलं." मला तेवढं खरं सांगितलं, हळूच.

कारण उघड आहे. सकाळी मधुमेहाची गोळी घेतली, आणि नैवेद्य होईपर्यंत पोटात अन्नाचा कण नाही; साखर उतरणारच. गोळी आईनेच हातावर ठेवली – "औषधानं उपास मोडत नाही" म्हणे!

४ ऑगस्ट

कानबाईला विसर्जनासाठी नदीवर पोचवलं. आबा मिरवणुकीत नाचले. आत्या एस.टी.ने आली होती, म्हणाली, "ढोराले बी माझाच भाऊ सापडला का?" सगळे हसले. मी नाही.

७ ऑगस्ट

विम्याचे एजंट रतिलालभाऊ आले होते. गाडीचा विमा संपत आलाय, यंदा कंपनी बदलायची, म्हणून नवा अर्ज. भरणार मीच – घरात शिकलेली मी एकटी. एके ठिकाणी प्रश्न आला: चालवणाऱ्याला काही आजार किंवा व्यंग आहे का?

"नाही लिहा, ताई. सगळे तेच लिहितात."

मी पेन खाली ठेवलं.

जितूदादा म्हणाला, "शिकवली काय, घरात वकीलच आणून बसवला!"

आबा भडकले. "मी काय लंगडा झालो? गावातल्या किती बाया बाळंतपणाले मी दवाखान्यात पोचवल्या, इचार!"

मी म्हटलं, खोट्यावर काढलेला विमा गरजेला उभा राहिला नाही तर? आणि उद्या गाडीसमोर कुणाचं लेकरू आलं तर?

आबा ताटावरून उठले. माझंच बरोबर आहे.

९ ऑगस्ट

राखी बांधली. दादाने ओवाळणी टाकली आणि लगेच उठून शेतात गेला.

११ ऑगस्ट

सुटलं! रतिलालभाऊंनी कंपनीत विचारलं. आजार खरा लिहायचा, सोबत डॉक्टरांचं पत्र. "एवढ्यावरून विमा अडत नाही, ताई." डॉक्टर म्हणतील, उपाशीपोटी गाडी चालवू नका – झालं! आबांना म्हटलं, गाडी तुम्हीच चालवणार.

"तू बसशील शेजारी?"

हे काय विचारणं! त्यांच्या शेजारी मला झोपसुद्धा लागते. मार्चमध्ये परीक्षेला धुळ्याला सोडलं, तेव्हा मी झोपेतच होते. एरंडोलजवळ गाडी कडेला लावून त्यांनीच उठवलं – "चल, चहा पिऊ." बिनसाखरेचा पिणारा माणूस, चांगला गोडमिट्ट चहा प्याला! मी रागावले तर नुसते हसले. इतकं जपून चालवणारं दुसरं कोणी मी पाहिलं नाही.

१३ ऑगस्ट

जामनेरला डॉक्टरबाईंकडे. मीच सगळं सांगत होते – कानबाई, गोळी, उपास, एकदाच झालं. आबांनी हात वर केला.

"एकदा नाई, बाई. पोरगी खऱ्यासाठी घरात भांडली, आता मी काय लपवू? मार्चमध्ये बी झालं होतं, एरंडोलजवळ. ही शेजारी झोपेल होती. तवा उपास नव्हता."

गाडी दवाखान्यासमोरच ठेवली. चावी त्यांनीच माझ्या हातात दिली. एस.टी.ने परत आलो. आबांचा डोळा लागला. मी जागी होते.