आठव्या दिवसाची आवराआवर

ती. भाऊसाहेब यांस,

साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नसल्यामुळे गेली चार वर्षं तो मी कागदावरच घालतो, तसाच पदरात घ्यावा.) तुमचा खोकला कसा आहे? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असेल. आम्हा दोघांची तब्येत उत्तम, म्हणजे दुखतंय ते जुनंच, नवीन काही नाही. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर या भाड्याच्या घराला खोल्या दोन आणि मधे दार नाही. मी फोनवर बोलतो ते तुमच्या बहिणीला स्वयंपाकघरात ऐकू जातं, आणि ती तिथूनच दुरुस्त्या सांगते.

एकवीस वर्षं आम्ही दर वर्षी सात दिवस या तळ्याकाठच्या शहरात येत होतो, हे तुम्हाला पाठ आहे, कारण परत आल्यावर तुम्हीच सगळे फोटो बघितलेत. माझ्या निरोप समारंभात मी माईकवरून सांगून टाकलं की आता कायमचा तिकडेच जाऊन राहणार. (माईक हातात आला की माणसाचं काही खरं नसतं, आणि पहिल्या रांगेत टाळ्या तुम्हीच वाजवत होतात.) आधी सहा महिने राहून बघायचं आणि मग घर विकायचं, असा साधा क्रम होता. पण घर घेणाऱ्या त्या दातांच्या डॉक्टरांना दवाखान्याची घाई, म्हणून विकणं आधी आलं आणि राहून बघणं मागे पडलं. आता मुखत्यारपत्र तुमच्याकडे आणि सही एक तारखेला. मी चौतीस वर्षं बस आगारात वेळापत्रकं आखली. मागची गाडी पुढे काढली की दिवसभराचा घोळ होतो हे मी शिकाऊ कारकुनांना सांगत असे, पण घरात सांगायचं सुचलं नाही.

इथे सगळं छान आहे. मात्र थोडं समजत नाही. लॉजचे मालक एकवीस वर्षं आम्हाला बघून ‘या, घरचीच माणसं’ म्हणत धावत यायचे. या वेळी आम्ही घर घेऊन राहतोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला, आणि आता रस्त्यात भेटले की ‘अजून इथेच?’ एवढंच विचारतात. तळ्याची खोली सांगताना ज्याच्या डोळ्यांत पाणी यायचं तो नावाडी (आम्ही त्याला तत्त्वज्ञ समजत होतो) आठवड्यातून तीनदा तेच पाणी काढतो, आणि तळ्याची खोली गिऱ्हाईक बघून वाढवतो. तसे सूर्यास्त बघायचे अकरा कट्टे मला तोंडपाठ आहेत, पण चपलेचा अंगठा तुटला तेव्हा कळलं की या शहरात चप्पल कुठे शिवतात हे आपल्याला माहीत नाही. एका पायाने अनवाणी तासभर हिंडलो आणि दोनदा कट्टा क्रमांक चारवरच पोचलो, कारण मला ठाऊक असलेले सगळे रस्ते तिथेच जातात. तिथे एका जोडप्याने मला त्यांचा फोटो काढायला लावला. काढला, काय करणार.

पण खरी गंमत आठव्या दिवशी झाली. (गंमत म्हणतो आहे, कारण दुसरा शब्द सापडत नाही.) पहाटे साडेपाचला आम्ही दोघं उठलो आणि एक शब्द न बोलता कामाला लागलो. हिने चादरींच्या घड्या घातल्या, उरलेलं दूध ओतून टाकलं, मी पलंगाखाली वाकून काही राहिलं का बघितलं, बॅगेला पट्टा आवळला. खालच्या मजल्यावर घरमालकीणबाईंच्या हातात किल्ली दिली आणि दर वर्षीप्रमाणे ‘फार छान गेले दिवस’ म्हटलं. त्या बिचाऱ्या दारात उभ्या राहून ‘आमचं काही चुकलं का?’ विचारत राहिल्या आणि आम्ही स्टँडवर. गाडी अकरा मिनिटं उशिरा, तेव्हा मी आत जाऊन तिथल्या नियंत्रकाला चार शब्द सुनावले. गाडी लागली, मी पायरीवर पाय ठेवला, आणि मागून ही म्हणाली, ‘अहो, भाजी तर तीन दिवसांची आणलीय.’ मग आम्ही एकमेकांकडे बघितलं. कंडक्टर विचारत होता, चढताय की उतरताय. भाऊसाहेब, या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

परत आलो, किल्ली घेतली. मालकीणबाईंनी शेजारी काय सांगितलं देव जाणे, पण तेव्हापासून समोरच्या बाई माझ्याशी जरा मोठ्या आवाजात आणि सावकाश बोलतात. सोळाव्या दिवशी सकाळी माझा हात पुन्हा बॅगेच्या पट्ट्यावर होता. मी तो काढून खिशात घातला. शहर तेच, तळं तेच, आम्ही तेच, मग बिघडलंय कुठे, हे मला खरंच उमगत नाही. हिचं मात्र बरं चाललंय. सातपर्यंत झोपते, एकटीच फिरून येते, आणि आपण तीस वर्षं इस्पितळात सिस्टर होतो हे तिने इथे कोणाला कळू दिलेलं नाही. परवा भांडी घासताना गुणगुणत होती. हे मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. एक तारखेला सही करू नका. पेन हरवलं, ताप आला, काहीही सांगा. मला करमत नाही हो. आपल्या घरात कुठल्या पायरीवर पाय जपून टाकायचा हे मला अंधारातही कळतं, आणि त्या पायरीवर दातांचे पेशंट बसणार या विचाराने जेवण जात नाही.

ता. क. दुसरा. हे मी कळवलं असं हिला कळता कामा नये. डॉक्टरांनीच माघार घेतली, असं तुमच्या पत्रात लिहा. तिला इथे बरं वाटतंय. माझ्यामुळे तिचं ते जायला नको.

(इथून पुढे अक्षर माझं आहे, दादा.) हे पत्र टाकायला यांनी माझ्याकडे दिलं, पाकीट न चिकटवता. टपालपेटी यांच्या फिरायच्या वाटेवर आहे, माझ्या नाही. अडतीस वर्षांत या माणसाने तोंडाने माझ्याकडे काही मागितलेलं नाही. मला सापडेल असं कुठेतरी ठेवून देतात. तर सही करू नकोस. डॉक्टरांवर खोटं घालायचीही गरज नाही, दुसरी जागा बघा म्हणून त्यांना स्पष्ट सांग. पण आम्ही लगेच परत येत नाही. तिकडे पहाटेपासून दारावर थाप, कोणाचं इंजेक्शन, कोणाचं बीपी, आणि मला नाही म्हणता येत नाही. इथे मी कोणाचीच सिस्टर नाही. मला हे सहा महिने हवेत, पुरते सहा. आपलं घर तिकडे आहे एवढं कळलं की हे इथे सुखाने राहतील. उत्तर यांच्याच नावाने पाठव, म्हणजे मला वाचायला मिळेल.