शेखरनं मले गाढव म्हटलं

ती. पूर्णिमाताई,

पायावर डोकं ठेवतो. फोनवर तुले नीट ऐकू येत नाही, म्हणून रायपूरहून लिहून राहिलो. प्रवास चांगला झाला, गुडघाही फारसा दुखला नाही.

दक्षिण सुदानात शांतिसेनेत माझ्यासंग एका तंबूत राहणारा शेखर तुले आठवतो ना? त्याच्याच घरी उतरलो आहे. लकव्यानंतर त्याची जीभ अडखळते. लोक हसतील म्हणून त्यानं बोलणंच सोडलं होतं. पद्मिनीवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, डॉक्टर म्हणतात बोला, पण हे ऐकतच नाही."

मग मी त्याच्याजवळ बसून तिथल्या गोष्टी काढल्या. उन्हाळ्यात तंबू भट्टीसारखा तापायचा, आंघोळीला अर्धी बादली पाणी मिळायचं. पावसात पाणी आत शिरलं की आम्ही बूट गळ्यात बांधून खाटेवर झोपायचो. मग मी मुद्दाम म्हटलं, "त्या पुरात स्टोव्ह मीच वाचवला, अन् सगळ्यांना गरम खिचडी खाऊ घातली."

शेखरचे कान लाल झाले. एकेक अक्षर ढकलत तो ओरडला, "खो...टं! मी वाचवला! तू तर... खाटेवर चढून... रडत होता, गाढवा!"

वहिनी पिठाच्या हातानं धावत आल्या. हसावं की रडावं, त्यांना समजेना. शेखर मात्र हसत सुटला. तेव्हापासून तो बोलूनच राहिला. संध्याकाळी चहा फिका झाला म्हणून वहिनींवर चिडलासुद्धा!

तू बीपीची गोळी घेतेस ना? तुझ्या श्रेयसची पोट्टी चालायला लागली का? माझी परतीची गाडी रविवारची होती, पण शेखर म्हणतो, "जा...ऊ नको." म्हणून आठवडाभर राहतो.

तुझा लाडका भाऊ,
यज्ञेश्वर