खुंटीवरचा नान

मुकद्दस,

तुला आणि मुलांना सलाम. माझी जखम भरली, पुलावही पचतो. तिकडे जर्दाळू उतरवले का?

झुल्फिझारला माझी किडनी बसवली खरी, पण तिचं शरीर त्या किडनीला परकीच मानतं. रक्तातल्या काही पेशी बाकीच्यांना आवरतात, "हा पाहुणा आहे, मारू नका" म्हणतात. तिच्याच अशा पेशी काढून, वाढवून परत सोडल्या. त्यांचं कुणी ऐकलं नाही. आता औषधंही हरली, असं डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

पोरगी हसते. "आई, तुझी किडनी तुझ्यासारखीच, कुणाशी पटवून घेत नाही!" मी म्हटलं, "गप्प बस, सूप संपव." मग बाहेर येऊन जिन्यात बसून राहिले.

निघताना तिने एक घास खाऊन ठेवलेला नान ताश्कंदला पाठवू का, असं विचारलंस. पाठवू नकोस. उरलेला नान माणसानं घरी परतल्यावरच खायचा असतो. इकडे पाठवलास, तर ती परतणार नाही हे आपणच कबूल केल्यासारखं होईल. मुंग्या लागल्या तर झटक, पण खुंटीवरून काढू नकोस.

तुझी,
ओयदिन आपा